दाखला सगळ्यात वर

८ नोव्हेंबर २०१०, सोमवार

बाबांनी आज जेवताना विचारलं, "रंजू, ती कंपनी भांडुपला चाळीस वर्सं चालली. मग तिकडून उठून आपल्या गावात कशाला आली?"

बी.कॉम.ला याच प्रश्नावर मी दोन पानं लिहिली होती. कच्चा माल, वाहतूक, मजूर, बाजारपेठ. तेच सांगायला लागले तर बाबा म्हणाले, "ते जालं. पन कशाला?" आणि भाताला आमटी घेतली. बाबा ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचं काम करतात. कुठल्या नळाला किती दाब आहे ते त्यांना न बघता कळतं. मला मात्र माझ्याच विषयातलं सांगता आलं नाही.

असो. आज माझा नोकरीचा पहिला दिवस होता. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि टेबलावर नावाची पाटी असलेलीही पहिलीच. कंपनी विजेच्या बोर्डांची पत्र्याची पॅनेलं बनवते. शेड आमच्या खारटेंभे गावाच्या वेशीवर बांधून होत आली आहे. तोवर ऑफिस पनवेलला टपाल नाक्यावर आहे, मिठाईच्या दुकानाच्या वर. मी कर्मचारी विभागात मदतनीस. माझे साहेब दिनानाथ राणे. ते रोज भांडुपहून येतात.

मुलाखतीत त्यांनी माझा पत्ता वाचून विचारलं होतं, "कामोठे, सेक्टर अकरा? तिकडे सगळी घाटावरची मंडळी ना? आमचे साताऱ्याचे दोन फोरमन तिकडेच राहतात." मी म्हटलं, "हो सर, बहुतेक." ते म्हणाले, "छान." यात छान काय ते मला समजलं नाही. तो पत्ता माझ्या आत्याचा आहे. आमच्या गावात पोस्टमन सगळी पत्रं चहाच्या टपरीवर ठेवून जातो आणि माझं एक मुलाखतीचं पत्र तिथेच भज्यांना गेलं होतं. तेव्हापासून मी आत्याचाच पत्ता देते.

११ नोव्हेंबर, गुरुवार

भांडुपहून मोठी प्रेस मशीन ट्रेलरवर आली. यादी करायला सरांनी मला शेडवर पाठवलं. ट्रेलरच्या केबिनमधून एक म्हातारे गृहस्थ उतरले. नाव कमळाकर. एकतीस वर्षं ते या मशीनवर होते. मला वाटलं इथे रुजू व्हायला आलेत. तर ते नुसते सोडायला आले होते. भांडुपच्या दीडशेपैकी चोवीस जणच इकडे येणार, बाकीच्यांना घरी बसवलं.

त्यांनी मशीन कुठे बसतंय ते बघितलं, भिंतीपासूनचं अंतर पावलांनी मोजलं. मला म्हणाले, "बाई, हिला डाव्या बाजूला तेल जास्त लागतं. जो कोणी येईल त्याला सांगा." आणि आल्या ट्रेलरने परत गेले.

एवढी वर्षं काम केलेला माणूस असा मशीन पोचवून परत जातो हे बघून मला धक्काच बसला. मग घरी येईपर्यंत असाही विचार आला की त्या मशीनवर आता आपल्या गावचं कोणीतरी उभं राहील. कदाचित प्रितम. माझा धाकटा भाऊ आयटीआयचा फिटर आहे. हा विचार वाईट आहे का? असेल. पण आला.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

साठ जागा निघाल्या! फिटर, वेल्डर, मदतनीस, पॅकिंगला बायकासुद्धा. मी संध्याकाळी गावच्या समाजमंदिरात सगळ्यांना बोलावून अर्ज कसा भरायचा ते सांगितलं. आमच्या गावात घरटी एक कागद आहे, प्रकल्पग्रस्ताचा दाखला. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी जमिनी गेल्या तेव्हा त्या बदल्यात हा कागद मिळाला. प्रत्येकाने तो प्लॅस्टिकमध्ये घालून पेटीच्या तळाशी ठेवलाय. तो दाखवून अजून कोणाला काही मिळालेलं मी बघितलं नाही.

मी सांगितलं, "दाखल्याची झेरॉक्स सगळ्यात वर लावा. अर्जाच्याही वर. उघडल्या उघडल्या साहेबाला दिसलं पाहिजे की आपण इथले, आपला हक्क पहिला."

सत्यवती मावशी म्हणाली, "गो बाय, तू आत हायस म्हनून आमी इतका करतो. नायतर हा कागद आमी देवासारखा ठेवलाय."

झेरॉक्स माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीच्या, जास्मीनच्या दुकानात काढल्या. एकसष्ट अर्ज झाले. जास्मीन म्हणाली, "तुझ्या गावाने माझा टोनर संपवला. नोकऱ्या लागल्या की मिठाई माझ्याकडे पहिली, काय?"

२ डिसेंबर, गुरुवार

सरांनी आज सगळे अर्ज बघितले. चारशेच्या वर आले आहेत. आमच्या गावचे अर्ज ते लांबूनच ओळखत होते, कारण दाखला वर. एक-एक काढून त्यांनी ते वेगळ्या हिरव्या फाईलमध्ये घातले आणि फाईल माझ्या खुर्चीमागच्या कपाटात वेगळी ठेवायला सांगितली. "ही बाकीच्यांत मिसळू देऊ नका, पाटील." मला इतका आनंद झाला की मी कपाटाला कुलूप लावून दोनदा ओढून बघितलं.

जास्मीनला सांगितलं. ती म्हणाली, "वेगळं तर मैद्यातले किडेपण काढतात." मी रागावले. ती म्हणाली, "मजाक केला यार. इन्शाअल्लाह होईल."

१२ डिसेंबर, रविवार

काल चुलतभावाची हळद होती. सगळं गाव मांडवात. बँजो इतका जोरात की बोलायला कानात तोंड घालावं लागत होतं, तरी प्रत्येक जण हिरव्या फाईलबद्दल विचारत होता. मी किती जणांना सांगितलं ते आठवत नाही. प्रितम नाचून घामाघूम होऊन आला आणि म्हणाला, "ताई, नक्की ना? यार्डातला मुकादम रोज कटकट करतोय. हळदीसाठी दोन दिवस मागितले तर म्हणतो परत येऊ नको."

प्रितम जासईच्या कंटेनर यार्डात अडीच वर्षं आहे. नोकरी कायमची नाही, पण रोजची आहे.

मी म्हटलं, "सोड. जानेवारीत तू रुजू झालेला असशील."

मी असं म्हटलं. 'बहुतेक' हा शब्दसुद्धा वापरला नाही.

२७ डिसेंबर, सोमवार

प्रितमने यार्ड सोडलं. आई रोज त्याला दोन वेळा विचारते, पत्र आलं का. तो म्हणतो, पत्र ताईच टाईप करणार आहे, तिला विचार. सर म्हणतात माझं काम चांगलं आहे, मार्चमध्ये मला कायम करतील.

१२ जानेवारी २०११, बुधवार

आजच लिहिते, नाहीतर उद्या मला वाटेल की मी चुकीचं ऐकलं.

सरांनी नेमणुकीची यादी दिली, पत्रं टाईप करायला. अठ्ठावन्न नावं. कामोठे, कळंबोली, खारघर, मग बीड, जळगाव, गोरखपूर. मी शेवटपर्यंत गेले. खारटेंभे नाही. शेजारच्या दोन गावांचंही कोणी नाही. मला वाटलं दुसरं पान राहिलं. मी विचारलं, "सर, हिरव्या फाईलची यादी वेगळी येणार आहे का?"

सर हसले. "हिरवी? अहो पाटील, ती घ्यायचीच नाही ती."

त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. अगदी शांतपणे, रजेचा नियम सांगावा तसं. "मालकांनी भांडुपला असतानाच सांगितलंय. जिथे शेड तिथला माणूस आत नको. यांच्यात हळद आली की चार दिवस शेड रिकामी. एकाला बोललं तर संध्याकाळी गेटवर पन्नास. भांडुपला युनियनने आम्हाला जेरीला आणलं, आणि तिथल्या जागेला आता सोन्याचा भाव. म्हणून तर उठून इकडे आलो. परत तेच कशाला?"

मी म्हटलं, "पण सर, कामाला चांगले असतील."

"असतील ना. मी मालवणकडचा. माझ्या गावालाही असंच काही आलं असतं तर मला राग आला असता. पण मी हुकमाचा ताबेदार. तुम्हाला सांगतो, कमळाकरला आणायला मी किती भांडलो. नाही आणता आला." मग म्हणाले, "एक मात्र बरं आहे या लोकांचं. प्रकल्पग्रस्ताचा दाखला स्वतःच सगळ्यात वर लावून आणतात. आत पत्ता शोधायला नको. दहा मिनिटांत निवड झाली."

मग चहा सांगितला. आणि चहा येईपर्यंत म्हणाले, "तुमच्यासारखी बाहेरची माणसं बरी. शिकलेली, आपलं काम भलं. म्हणून तर तुम्हाला घेतलं."

मी चहा प्यायले. मग अठ्ठावन्न पत्रं टाईप केली. सरांनी तपासली, एकाही पत्रात चूक निघाली नाही.

१३ जानेवारी, गुरुवार

ऑफिसला गेले. आले. घरी काही सांगितलं नाही. प्रितमने विचारलं, "आज?" मी नकारार्थी मान हलवली.

माझी पाठ दिवसभर त्या कपाटाकडे असते.

१५ जानेवारी, शनिवार

काल संक्रांत. तिळगूळ वाटायला आलेल्या प्रत्येकाने विचारलं. मी सगळ्यांना "होईल, होईल" म्हणाले. मला खोटं बोलता येत नाही असं मी समजत होते.

खरं लिहायचं तर मनात असंही येतं की गप्प राहावं. प्रितम घरी बसलाय. बाबांच्या गुडघ्यामुळे त्यांना टाकीची शिडी चढवत नाही. मार्चमध्ये मी कायम होईन. आत राहून पुढे काहीतरी करता येईल. हे "पुढे" मी तीन दिवस मनात घोळवतेय. आत राहून मी आजवर काय केलं? दाखला वर लावायला सांगितलं.

सर जाता जाता म्हणाले, "पाटील, पुढच्या आठवड्यात रद्दीवाला येईल. हिरवी फाईल रिकामी करून ठेवा."

१७ जानेवारी, सोमवार

अर्धा दिवस रजा घेऊन सरपंचांकडे गेले. भगवानदादा आमच्याच भावकीतले. मला वाटलं, कंपनीने गावाला फसवलं हे ऐकून ते पेटून उठतील. त्यांनी शेंगा सोलता सोलता सगळं ऐकलं.

"मना ठाव हाय," ते म्हणाले.

मी बघतच राहिले.

"असा बघतेस काय? कुठलीच कंपनी गावचा मानूस घेत नाय. माजं तीन डंपर त्यांच्या भरावाला चालतात, ते बंद करू? त्यातना गावची नऊ पोरं पोट भरतात."

मी म्हटलं, "पण दादा, ग्रामसभेने ना हरकत दाखला दिला तो नोकऱ्यांच्या अटीवर ना?"

"ते तोंडी जालं."

"तोंडी?"

त्यांनी उठून ग्रामपंचायतीच्या वह्यांचं कपाट उघडलं आणि २००९च्या ऑक्टोबरचा ठराव माझ्यासमोर ठेवला. एकच ओळ. कंपनीस ना हरकत दाखला देण्यात यावा. अट नाही, नोकरी हा शब्द नाही. शेजारच्या पानावर ग्रामसभेच्या आदल्या दिवशी भरलेल्या महिला ग्रामसभेचा पाठिंबा, खाली त्रेसष्ट सह्या. आमच्या गावात महिला ग्रामसभा भरत नाही. शिपाई बाळू वही घेऊन घरोघर फिरतो, बायका हातातलं काम बाजूला ठेवून सही करतात, झाली सभा. सगळीकडे असंच असेल असं मला वाटायचं.

सतरावी सही आईची. शाळा दुसरीपर्यंत, तरी 'वेणू' छान लिहिते. अठरावी सही माझी. इंग्रजीत, खाली दोन रेघा मारलेली.

मला ती सही केल्याचं आठवतंसुद्धा नाही. मी बी.कॉम. आहे. ओळ वाचायला मला पाच सेकंदं लागली असती.

दादा वही मिटताना म्हणाले, "सव्वीसच्या ग्रामसभेत कंपनीच्या दुसऱ्या शेडच्या दाखल्याचा ठराव हाय. तुजे राने साहेब पन येनार हायत. तू गप रव, बाय. घरात एकाची तरी नोकरी हाय ना?"

१९ जानेवारी, बुधवार

घरी सांगितलं. प्रितम हसला, मग त्याने विचारलं, "म्हणजे महिनाभर मी तुझ्या खुर्चीच्या मागेच होतो?"

त्याने यार्डाच्या मुकादमाला फोन केला. त्याची जागा दुसऱ्या दिवशीच भरली होती. तो चपला घालून बाहेर गेला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबा म्हणाले, "मना वाटला, तू आत हायस म्हंजे सगला ठीक हाय."

एवढंच. पण मला कळलं की एकसष्ट घरांनी हाच विचार केला होता. कंपनीवर कोणाचाच विश्वास नव्हता. त्यांनी माझ्यावर ठेवला होता, आणि मी सरांना नको असलेली माणसं दहा मिनिटांत वेगळी करून दिली.

आईने मात्र वेगळंच विचारलं. "वहीवर मी सई केली त्यात काय लिवलं व्हता?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बाळू म्हनाला मच्छरांवर फवारायच्या औषधाचा हाय."

२१ जानेवारी, शुक्रवार

हिरवी फाईल रिकामी केली. अर्ज रद्दीच्या पोत्यात न टाकता पिशवीत घालून घरी आणले. हे चोरीत येतं का? सरांनीच टाकायला सांगितलं होतं, आणि दाखले आमचे आहेत.

२३ जानेवारी, रविवार

काल संध्याकाळी आणि आज दिवसभर एकसष्ट घरं फिरले. प्रत्येक दारात अर्ज परत दिला आणि काय झालं ते सांगितलं, माझ्या चुकीसकट. कोणी पाणी दिलं, कोणी दार लावून घेतलं. एका घरातून आवाज आला, "आता पुढच्या कंपनीला हिलाच ठेवा दारावर, वास घेऊन सांगेल कोन गावचा."

सत्यवती मावशी ओट्यावर मासळी साफ करत होती. कोयता तसाच हातात. "तूच सांगितलास दाखला वर लावा. आता तूच सांगतेस त्यानंच घालवला. आमी काय भातुकली खेलतो तुज्याशी? माज्या सुनेनं पॅकिंगच्या नोकरीसाठी नवीन साडी घेतलीय."

मी म्हटलं, "मावशी, परवा महिला ग्रामसभा आहे. बाळूच्या वहीवर सही करू नका. समाजमंदिरात या. ठराव आधी मोठ्याने वाचायचा, मग सही."

"तुज्या बोलन्यावर?"

"माझ्या नको. स्वतः ऐका आणि ठरवा."

ती परत खवले काढायला लागली. चाळीसेक दारांत मी हेच बोलले. किती जणी येतील सांगता येत नाही. आईसुद्धा "बघू" म्हणाली.

२४ जानेवारी, सोमवार

सर आज चांगल्या मूडमध्ये होते. सव्वीसच्या भाषणात काय बोलायचं ते मला विचारत होते. "स्थानिक, रोजगार, असं काहीतरी घाला, पाटील. तुमचं मराठी चांगलं आहे." मी कागद समोर ठेवून अर्धा तास बसले आणि कोरा परत दिला. म्हटलं, मला जमत नाही. त्यांनी काळजीने विचारलं, "बरं नाही का? उद्या सुट्टी घ्या."

घेतली.

२५ जानेवारी, मंगळवार

बाळू सकाळी वही घेऊन निघाला आणि तासाभरात परत आला, तीनच सह्या घेऊन. बाकीच्या घरी सांगितलं गेलं की सभेला येतो.

अकरा वाजता समाजमंदिरात सत्तेचाळीस बायका. सतरंजी पुरली नाही. ग्रामसेवक फक्त वही न्यायला आले होते, त्यांना खुर्ची द्यावी लागली. दुसऱ्या शेडचा तयार ठराव त्यांनी वाचला. पुन्हा एकच ओळ. मग मागून माझ्या आईचा आवाज आला, "परत वाचा. सावकास."

त्यांनी परत वाचला. त्यानंतर जो गलका झाला तो मला लिहिता येणार नाही. सत्यवती मावशी उभी राहून म्हणाली की शेड पायजे तर पयला मानसं दाखवा, कागद नको. कोणी म्हणालं कंपनीच हाकला. कोणी म्हणालं, डंपरवर माझा नवरा हाय, त्याचं काय? ती बाई उठून गेली. तिच्याबरोबर चौघी गेल्या.

शेवटी मी नवा ठराव लिहून वाचला. पहिल्या शेडमध्ये गावातली किती माणसं घेतली आणि दुसऱ्या शेडमध्ये किती घेणार, हे कंपनीने ग्रामसभेसमोर लेखी दिल्याशिवाय दुसऱ्या शेडला ना हरकत दाखला देऊ नये. दोनदा वाचला. कोणालातरी 'लेखी' म्हणजे सहीशिक्क्याचं का, असं विचारायचं होतं. मी ते शब्द घातले.

ग्रामसेवकांनी विचारलं, "सूचक कोण?"

सूचकाचं नाव उद्याच्या ग्रामसभेत वाचलं जातं. समोर राणे सर बसलेले असतील. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. कोणी मला पुढे ढकललं नाही, हे मी विसरणार नाही.

"माझं लिहा," मी म्हटलं. "रंजिता बळीराम पाटील."

अनुमोदक म्हणून सत्यवती मावशीने हात वर केला. माझ्याकडे न बघता.

ग्रामसेवक चांगला माणूस आहे. पेन थांबवून हळूच म्हणाले, "तुम्ही त्याच कंपनीत आहात ना? ते लिहायची गरज नाही. नुसतं नाव चालतं."

मी म्हटलं, "लिहा. कंपनीच्या कर्मचारी विभागात नोकरीस. अर्ज मीच हाताळले, तेही लिहा."

त्यांनी लिहिलं. मी मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं, आणि मी सही केली.